एका घासाची पंगत



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने विचारलं, "सर, हा विषय तुमचा की डॉक्टरांचा?" प्रश्न रास्त होता. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, जिला बॅरिअॅट्रिक सर्जरी म्हणतात, ती कुणी करून घ्यावी, कशी करावी, हे डॉक्टरांनीच सांगावं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे त्या वाटेला जाणार नाही. पण शस्त्रक्रिया झालेला माणूस घरी येतो, काही महिन्यांनी पंगतीत बसतो, आणि वाढणारा त्याच्या ताटाकडे बघून म्हणतो, "इतकंच?" या एका शब्दामागे आपला दीडदोनशे वर्षांचा, खरं तर त्याहून जुना इतिहास उभा आहे. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे पटलं नाही तर कुठे पटलं नाही ते आपल्याला कळेल. एकत्र जेवणं म्हणजे काय, हे आपल्या समाजात पोटात किती गेलं यावरून ठरत नव्हतं. कोण कुणाच्या शेजारी बसलं, कुणाच्या हातचं घेतलं, यावरून ठरत होतं. आग्रहाने हे माप बदललं आणि पोळ्या मोजायला सुरुवात झाली. ज्याच्या जठराचा मोठा भाग काढलेला आहे, त्याला पुन्हा आपल्यात बसवायचं असेल तर जुनं माप आठवावं लागेल. मात्र ते माप सोवळं-निर्मळ होतं असं समजू नका. तिथूनच सुरुवात करू.

पंगत म्हणजे पंक्ती, ओळ. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या ओळीत कुणाला बसवावं याची लांबलचक चर्चा आहे. ज्याच्या बसण्याने ओळ पवित्र होते तो पंक्तिपावन, आणि ज्याला बसवू नये तो अपांक्तेय. मराठीत हा शब्द आपण आजही सहज वापरतो. या बसवू नये अशांच्या यादीत चोर आहेत, जुगारी आहेत. पण त्यांच्याच जोडीला क्षयी आहे, कोड असलेला आहे, फेफरं येणारा आहे, आंधळा आहे, काळ्या दातांचा, खराब नखांचासुद्धा आहे. म्हणजे जन्मावरून माणूस ओळीबाहेर जायचाच, पण शरीरावरूनही जायचा. लठ्ठ माणसाकडे किंवा ऑपरेशन झालेल्या माणसाकडे ओळीतले लोक वळून बघतात, ती नजर काही काल जन्मलेली नाही.

त्याच वेळी, एकदा ओळीत घेतल्यावर भेद करू नये, असाही नियम होता. एकाच पंगतीत एकाला तूप सढळ आणि दुसऱ्याला थेंबभर, हा पंक्तिप्रपंच. तो दोष मानला जायचा. म्हणजे ओळीच्या बाहेर वाटेल तेवढा भेद, ओळीच्या आत समता. ही अर्धी समता होती हे खरं, पण होती.

आणि आपलं पान बघा. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजव्या बाजूला भाज्या, मध्ये भात-वरण. डाव्या बाजूचा एकही पदार्थ पोट भरण्यासाठी नाही. चिमूटभर, बोटभर, चमचाभर. पण मीठ वाढलेलं नसेल तर पान पुरं मांडलं असं कुणी म्हणत नाही. थोडं म्हणजे कमी प्रतीचं, हे निदान आपल्या पानाला मान्य नव्हतं.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. सभा गुप्त होती. जातिभेद मानत नाही हे सिद्ध करायला नव्या सभासदाने काय करायचं? ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. तुकडाभर पाव आणि घोटभर पाणी. पुढे सभासदांची नावं बाहेर फुटली आणि १८६० च्या आसपास सभा मोडली. सुशिक्षित, नोकरीधंद्यातली माणसं एका तुकड्यापायी घाबरून गेली.

१८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये झालेलं चहाचं प्रकरण आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. मिशनने व्याख्यानाला मंडळी बोलावली, नंतर चहा आणि बिस्किटं पुढे आली. बोलावलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि गावात वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली, आणि रानड्यांनी ते घेतलं म्हणून सुधारकांतच त्यांच्यावर टीका झाली. एवढं सगळं कशासाठी? कुणी किती कप प्यायला, हे कुणीच विचारलं नाही. ओठाला कप लागला की नाही, एवढाच प्रश्न होता.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान काढायला मदत केली आणि स्वतः गाडी थांबवून, लोकांच्या देखत तिथला चहा घेतला, बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. महाराजांच्या तहानेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या मागे हजारो माणसांनी ओंजळभर पाणी घेतलं. त्यानंतर काय झालं तेही लक्षात ठेवा. परिषदेच्या मांडवात लोक जेवायला बसले असताना जमाव चालून आला, माणसांना मारलं आणि अन्न मातीत मिसळलं. ओंजळीचं उत्तर पंगतीवर हल्ला करून दिलं गेलं.

यातून आम्ही इतकंच काढतो: पावाचा तुकडा आणि ओंजळभर पाणी यांनी समाज हादरला, कारण प्रमाणाला तिथे किंमतच नव्हती. एक घास म्हणजे पूर्ण सहभोजन होतं. विरोध करणाऱ्यांनाही हे मान्य होतं, म्हणून तर ते इतके चिडले.

अर्थात, एकत्र बसलं की सगळं साधलं, असंही नाही. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात कधीच न झालेल्या १९३६ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट म्हटलं आहे की नुसत्या सहभोजनाने जात जात नाही. शेजारी बसूनही मन दूर ठेवता येतं. आपल्या विषयालाही ही सूचना लागू पडते. ताटाशी बसवून घेतलेला माणूस एकटा असू शकतो.

आता आग्रहाकडे वळू. आग्रह शब्दात 'ग्रह्' धातू आहे, घट्ट धरणं. सत्याग्रहातला आग्रह तोच. पण सत्याग्रही त्रास स्वतःच्या अंगावर घेतो. पंगतीतला आग्रह दुसऱ्याच्या पोटावर चालतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ साली भेटवस्तूंवर प्रसिद्ध निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परतफेड करणं ही तीन बंधनं समाजाला बांधून ठेवतात, असं त्यांचं प्रतिपादन. मधल्या बंधनाकडे आपलं लक्ष जात नाही: घेतलंच पाहिजे. नको म्हटलं की देणाऱ्याचा अपमान. "आमच्या घरची जिलबी गोड नाही लागली का?" या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही.

पण आग्रहाची टिंगल करून भागणार नाही. तो कुठून आला ते बघा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामांवरच्या मजुराच्या धान्याचं प्रमाण दीड पौंडावरून एक पौंडावर आणलं. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. दिवसाला अर्धा पौंड धान्य हा तेव्हा जगण्यामरण्याचा वाद होता. पुढे १८९६ ते १९०० या काळात पुन्हा दोन मोठे दुष्काळ पडले. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायचं आवाहन केलं आणि घराघरांतून ते पाळलं गेलं. १९७२ चा दुष्काळ तर या सभागृहात बसलेल्या अनेकांनी पाहिला आहे. आम्ही तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होतो. दुष्काळी कामावरची सुकडी आणि अमेरिकेहून आलेला लाल मिलो, ज्याची भाकरी धड थापताही यायची नाही, हे शब्द उच्चारले की आमच्या पिढीच्या तोंडाची चव आजही बदलते.

आमच्या पत्नीचं माहेर बीड जिल्ह्यातलं. तिच्या आईकडे पाहुणा आला की तिसरी भाकरी न विचारताच ताटात पडायची. पाहुणा अर्धपोटी उठला तर घराची अब्रू गेली, असं त्या माउलीला वाटायचं, कारण अर्धपोटी उठणं म्हणजे काय ते तिने भोगलं होतं. आग्रह हा दुष्काळ पाहिलेल्या माणसाच्या प्रेमाचा उच्चार आहे. त्याला मूर्खपणा म्हणणं हा कृतघ्नपणा होईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कमी खाणं आपल्याकडे नेहमी निवडलेलं नव्हतं. बायका पुरुषांच्या मागून, उरलंसुरलं जेवायच्या. विधवेवर एकभुक्त राहण्याची सक्ती होती. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना'त विधवांच्या वाट्याला येणाऱ्या जिण्यावर कोरडे ओढले, त्या जिण्यात हे ताटही होतं. म्हणून कुणी कमी खातो म्हटल्यावर मोठ्या बायकांच्या मनात चर्र होतं, त्याला कारण आहे. आपण विचारायचा प्रश्न असा: हे थोडं कुणी लादलं आहे, की त्याचं त्याने स्वीकारलं आहे?

आता शस्त्रक्रियेबद्दल, विषयाला लागेल तेवढंच. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या शल्यविशारदांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया मांडली. वजनं उतरली, पण जुलाब, यकृताचे विकार, कुपोषण अशी जबर किंमत रुग्णांना द्यावी लागली आणि ती पद्धत मागे पडली. आयोवा विद्यापीठातले डॉ. एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं होतं की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन वाढत नाही. त्यावरून १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास सुरू झाला. १९९० च्या दशकात या शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ लागल्या. आज आपल्याकडे बरीच होते ती स्लीव्ह शस्त्रक्रिया. तिच्यात जठर उभं कापून जवळजवळ तीन चतुर्थांश किंवा थोडा अधिक भाग काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची नळी. सुरुवातीला तिच्यात एक लहान वाटीभर मावतं.

इथे एक गोष्ट बहुतेक नातेवाइकांना माहीत नसते. भूक लागल्याचा निरोप मेंदूकडे नेणारं ग्रेलिन नावाचं संप्रेरक १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. म्हणजे हा माणसाचा संयम नाही, भिडस्तपणाही नाही. त्याला निदान सुरुवातीच्या काळात भूकच आपल्याइतकी लागत नाही, आणि जागा तर नाहीच. एक घास जास्त झाला की छातीत दाटतं, लाळ सुटते, उलटी होते. बायपास झालेल्याने गोड जास्त खाल्लं तर घाम फुटतो, धडधडतं, चक्कर येते. जेवताना पाणी प्यायचं नाही, मागेपुढे अर्धा तास थांबायचं. आधी डाळ, पनीर, अंडं, मासे अशी प्रथिनं. पोळी-भात नंतर, जागा उरली तर. प्रत्येक घास बारीक चावायचा. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या कायमच्या. हे सगळं करूनही वजन पुन्हा वाढू शकतं, म्हणून "शॉर्टकट मारला" असं म्हणणाऱ्यांनी जरा हे वेळापत्रक आठवडाभर पाळून बघावं.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आमच्या मुलाची ही शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी झाली. वय एकेचाळीस, मधुमेह, झोपेत श्वास अडकायचा. शस्त्रक्रियेने त्याला आराम पडला. पण पहिल्याच वर्षी गौरीजेवणात एका नातलगाने त्याच्या ताटात पुरणपोळीचा तुकडा टाकला, "एवढ्याने काय होतंय" म्हणत. दहा माणसांसमोर त्याला नाही म्हणवलं नाही. पुढचा अर्धा तास तो मोरीत होता, आणि बाहेर कुणीतरी म्हणालं, "पैसे मोजून उपाशी राहायचं, याला काय अर्थ?" पुढच्या वर्षी त्याने ऑफिसचं काम सांगितलं आणि आलाच नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. शरीर सुधारलं, पण पंगतीत तो अपांक्तेय झाला. कुणी हाकलला नाही, आग्रहाने घालवला.

त्याच्या आईचंही दुःख खरं होतं. ती म्हणायची, "मी करू काय आता? दोन वाट्या वरण?" चाळीस वर्षं ज्या हाताने माया वाढली, त्या हाताला अचानक काम उरलं नाही. अशा घरात दोन माणसांचं काही तरी हरवलेलं असतं, जेवणाऱ्याचं आणि वाढणाऱ्याचं. दोघांनाही वाटतं की दुसऱ्याला ते कळत नाही.

बुफे आल्यावर अशा माणसांची सोय झाली, असं कुणी म्हणेल. खरं आहे. कुणी काय घेतलं, कुणी बघत नाही. पण बुफेत माणूस आग्रहातून सुटतो तसा सोबतीतूनही सुटतो. ताटली हातात घेऊन भिंतीशी उभं राहणं म्हणजे काही पंगत नव्हे.

मग करायचं काय? उत्तर लांब शोधायला नको, आपल्या मीरा-भाईंदरमध्ये फिरलं तरी सापडेल. २८ फेब्रुवारी २००२ रोजी इथे महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. मिठागरांचं आणि कोळीवाड्यांचं हे गाव. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून आलेले आपण, गुजरात-राजस्थानातून आलेले जैन, नयानगरातले मुसलमान, उत्तनचे कोळी आणि ख्रिस्ती असे सगळे एकाच लिफ्टमधून वर-खाली करतो. अन्नावरून इथे भांडणंही झाली आहेत. २०१५ मध्ये पर्युषणाच्या काळात मांसविक्री बंद ठेवायच्या निर्णयावरून उठलेला गदारोळ आपण विसरलेलो नाही. पण थोडं खाणाऱ्याला मान कसा द्यावा, हे या प्रत्येक शेजाऱ्याला येतं.

भाईंदर पश्चिमेला जैनांच्या घरी आयंबिल चालू असेल तर तो माणूस दिवसातून एकदाच, तूप-तेल-दूध-गोडाविना जेवतो. चौविहार करणारा सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाही. त्यांच्या सहा बाह्य तपांत उपवासानंतर लगेच ऊणोदरी येते, भूक असताना पोट थोडं रितं ठेवून उठणं. कमी जेवणं हे तिथे तप आहे, आणि तप करणाऱ्याच्या ताटात कुणी जबरदस्तीने लाडू टाकत नाही. नयानगरात इफ्तार होते ती खजुराने आणि पाण्याने. पोटाचा तिसरा भाग अन्नाला, तिसरा पाण्याला, तिसरा श्वासाला, ही शिकवण हदीसमध्ये आहे. आपल्या आयुर्वेदातही पोटाचे भाग पाडून एक भाग मोकळा ठेवायला सांगितलं आहे. उत्तनच्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं तेव्हा जिभेवर एक पातळ पापुद्रा ठेवतात. तेवढ्यात भोजन पूर्ण होतं. आणि आपल्याकडे सप्ताहाच्या शेवटी गोपाळकाला. हातावर पडलेला चमचाभर काला खाऊन "इतकाच?" असं कुणी विचारल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. प्रसाद थोडा म्हणून अपुरा, असं आपण म्हणत नाही.

म्हणजे थोडं खाणाऱ्यासाठी आपल्या प्रत्येकाच्या घरात एक सन्मानाची जागा आधीच आहे. एकादशीला शेजारच्या पाटावर वरीचे तांदूळ खाणारा पंगतीतलाच असतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला ती जागा द्यायची, इतकंच काम आहे. फरक एकच. उपवास सुटतो, याचा सुटत नाही. आणि उपवासाला पुण्य जोडलेलं असतं, याला आपण लाज जोडली आहे.

एक आक्षेप येईल. सगळ्यांना पुरणपोळी आणि त्याला वाटीभर घट्ट वरण, हा पंक्तिप्रपंच नव्हे का? याचं उत्तर अॅरिस्टॉटलने देऊन ठेवलं आहे. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तो मध्यमाची चर्चा करतो. एखाद्याला दहा माप अन्न जास्त आणि दोन माप कमी, म्हणून तालीममास्तर सगळ्यांना सहा माप देत नाही. मिलो पैलवानाला सहा माप कमी पडेल आणि नवशिक्याला जास्त होईल. (हा मिलो ग्रीक पैलवान बरं का, आपला रेशनवरचा नव्हे.) योग्य प्रमाण हे आकड्यांच्या मधोमध नसतं, ते ज्याच्या-त्याच्या संदर्भात असतं. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असं म्हटलं आहे. युक्त काय, ते माणसागणिक ठरणार. मान कमी करण्यासाठी वेगळं वाढलं तर तो पंक्तिप्रपंच. गरज ओळखून वेगळं वाढलं तर तो न्याय. बाहेरून दोन्ही ताटं सारखीच दिसतात. वाढणाऱ्याचा स्वर ऐकला की फरक कळतो.

जर्मन विचारवंत गेओर्ग झिमेल यांनी १९१० मध्ये जेवणाच्या समाजशास्त्रावर एक छोटा निबंध लिहिला. त्यांचं निरीक्षण मोठं सुंदर आहे: मी जे पाहतो ते दुसराही पाहू शकतो, मी ऐकतो ते दुसराही ऐकू शकतो, पण मी खाल्लेला घास दुसरा कुणी खाऊ शकत नाही. खाणं ही सर्वांत एकट्याची गोष्ट, आणि तीच आपण सर्वांत जास्त एकत्र करतो. मग एकत्र काय असतं? घास तर नसतो. एकत्र असते ती वेळ, बैठक, बोलणं. ती वाटून घ्यायला जठराचा आकार आड येत नाही.

धन्यवाद. आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: लग्नकार्यात प्रत्येकाला ऑपरेशनची गोष्ट सांगत बसायची का?

अजिबात नाही. आपल्या भाषेत एक फार चांगला शब्द आहे: पथ्य. "आज पथ्य आहे" म्हटलं की मागच्या पिढीतला वाढपी पुढच्या पानाकडे सरकायचा. कसलं पथ्य, किती दिवसांचं, हे विचारणं अशिष्ट मानलं जायचं. तो शब्द आपण पुन्हा वापरात आणू. ज्याला सांगायचं असेल त्याने जरूर सांगावं, पण स्वतःच्या पोटाचा हिशोब देणं ही ओळीत बसण्याची अट होऊ नये.

प्रश्न: (एक वयस्क भगिनी) सर, मग आम्ही आयांनी करायचं तरी काय? नुसतं बघत बसायचं?

ताई, तुमचा प्रश्न आमच्या घरातलाच आहे. मुगाचं धिरडं करा, घट्ट वरण करा, तुमच्याकडे चालत असेल तर पापलेट मऊ शिजवून द्या. करायला भरपूर आहे, फक्त वाटीत मावेल एवढं. पण त्याहून महत्त्वाचं काम वेगळं आहे. अशा माणसाला चार घास खायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आपण तोवर ताटं उचलून, ओटा पुसायला लागतो, आणि तो एकटा मागे राहतो. जुन्या पंगतीत एक नियम होता: शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही. आमच्या घरी गेल्या वर्षापासून आम्ही तो पाळतो. यंदा मुलगा गौरीजेवणाला आला होता. तुम्हीही तेवढंच करा. त्याचं होईपर्यंत उठू नका.